सिक्वेलनं डोकं फिरवलंय? शिव्या घालायच्या आधी एवढं करा

हे त्या लोकांसाठी आहे ज्यांनी ड्रॅगन एज ओरिजिन्स हा गेम मन लावून खेळलाय आणि मग पुढचा कुठलातरी भाग लावल्यावर अर्ध्या तासात 'हे काय करून ठेवलंय बे' म्हणत खुर्ची मागं सारलीय. दुसऱ्या सिरीजवाले असाल, मॉरोविंडवरून ओब्लिव्हियनला आलेले नाहीतर डायब्लो टूवरून थ्रीला, तरी चालेल, दुखणं तेच आहे. सोलापुरात असे लोक भरपूर आहेत. सात रस्त्याला चहा घेताना विषय निघाला की कुणी कुणाला बोलू देत नाही, आवाज चढतात, आणि एवढं होऊन नेमकं काय बिघडलं ते विचारलं की उत्तर येतं, 'फील नाही राव'. त्यावरून ना आपल्याला पुढं काय करायचं ते कळतं ना गेम बनवणाऱ्याला. म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. हे पहिलं यासाठी की बाकीचं उद्या केलं तरी चालतं, हे नाही चालत. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतला असेल तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी, दोन्ही अटी बसल्या तर पैसे परत मागता येतात, कारण 'मजा नाही आली' असलं तरी चालतं. जीओजी या दुसऱ्या दुकानात ३० दिवस आहेत आणि खेळला असला तरी देतात. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केला की नुसतं आवडला नाही म्हणून परत देता येत नाही, तिथं आधी व्हिडिओ बघून खात्री करूनच बटण दाबा. आता स्टीमच्या २ तासांची गंमत अशी की ते पटकन संपतात. आजकालच्या रोल प्लेइंग गेममध्ये नाक केवढं आणि भुवया कशा यातच पाऊण तास जातो, ड्रॅगन एजच्या चौथ्या भागात, व्हेलगार्डमध्ये, तर जास्तच. मेनूवर उघडा ठेवलेला गेमसुद्धा वेळ खातो. मे महिन्यात लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर, गेम तसाच उघडा आणि तुम्ही गच्चीवर हवा खायला, असं झालं की परत यायच्या आत तुमचा रिफंडचा हक्क संपलेला असू शकतो. त्यामुळं पात्राचं तोंड कसंही ठेवा, रेडीमेड घ्या, आणि पहिल्या दीड तासात दोन मारामाऱ्या आणि एक तरी लांब संवाद होईल असं बघा. तेवढ्यात कळतं.

परत द्यायचा नाही असं ठरलं तर मग कागद घ्या, नाहीतर मोबाइलवर नोट उघडा, आणि जे जे टोचतंय ते एका ओळीत एक असं लिहा. 'गेम येड्यांसाठी बनवलाय' असलं लिहायचं नाही, काय बदललं आणि कुठं जाणवलं एवढंच. आपल्या गावात चादर घेणारं गिऱ्हाईक घडी उलगडून दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतं, नक्षी आवडली का हे एक आणि वीण घट्ट आहे का हे दुसरं, आणि नक्षी आवडली नाही म्हणून कुणी दुकानदाराशी भांडत नाही पण वीण सैल निघाली तर सोडत पण नाही. यादीचे दोन ढीग असेच करा. ठरवून केलेला बदल एकीकडं, उरकून टाकलेलं काम दुसरीकडं.

ड्रॅगन एज टूवर करून दाखवतो, याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मिळत नाही. ओरिजिन्सची घोषणा २००४ ला झाली होती आणि गेम आला नोव्हेंबर २००९ ला. दुसरा भाग आला मार्च २०११ ला, म्हणजे दोन्हींच्या मधे १६ महिने. हा आकडा डोक्यात ठेवून यादी वाचली की निम्म्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात. ओरिजिन्समध्ये माणूस, एल्फ, ड्वार्फ यातलं काहीही होता यायचं, सुरुवातीच्या सहा वेगवेगळ्या कथा होत्या, आपल्या पात्राला आवाज नव्हता पण काय बोलणार ते पूर्ण वाक्य समोर दिसायचं. दुसऱ्यात आपण हॉक, माणूसच, त्याला आवाज दिलेला, आणि वाक्यांच्या जागी एक चक्र, त्यात दोन-चार शब्द आणि सूर दाखवणारं चिन्ह, म्हणजे समजुतीनं, थट्टेनं का रागानं. जगभर फिरायच्या ऐवजी गोष्ट कर्कवॉल या एका शहरात आणि आसपास, तीन अंकांत, मधे वर्षं उडी मारून जातात, आणि ती सगळी व्हॅरिक नावाचा ड्वार्फ चौकशी करणाऱ्या कॅसांड्राला सांगतोय अशी. मारामारी फास्ट. कुनारी नावाच्या जमातीला शिंगं फुटली. हे झालं पहिल्या ढिगात, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे, आवडो न आवडो.

दुसऱ्या ढिगात काय? तीच गुहा. वेगळं नाव, वेगळं काम, आणि आत गेलं की तीच गुहा, फक्त या वेळी डावीकडचा दरवाजा दगडानं बंद आणि उजवीकडचा उघडा, आणि वर मिनीमॅपमध्ये मात्र अख्खी गुहा दिसतीय म्हणजे लपवायचे पण कष्ट नाही घेतले. एक टोळी मारली की दुसरी छपरावरून टपकते, तुम्ही जादूगाराला मागं सुरक्षित ठेवला असेल तर नेमकी त्याच्या डोक्यावर. असल्या गोष्टी कुणी हौसेनं करत नाही, वेळ कमी पडला की होतात. पीसीवरचा वरून बघायचा कॅमेरा गेला तो कुठल्या ढिगात टाकायचा यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून एकमत नाही. मी दुसऱ्यात टाकतो. साथीदारांचं चिलखत बदलता येत नाही हे मात्र पहिल्यातलं, प्रत्येकाचा अवतार लांबून ओळखू यावा म्हणून केलेलं, आणि मला ते आवडत नाही हा माझा प्रश्न.

अजून एक छोटा ढीग करावा लागतो, आणि तो करायला लोक नाखूष असतात. आठवणीचा. ओरिजिन्स परत इन्स्टॉल करा आणि सर्कल टॉवरपर्यंत खेळा. फेडमधला, म्हणजे स्वप्नांच्या जगातला, तो भाग, उंदीर व्हा, भूत व्हा, दगडाचा गोलेम व्हा, परत तोच दरवाजा शोधा, तो इतका लांबतो की तो भागच गाळून टाकणारा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली जोड, वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे. डीप रोड्सची भुयारं तर विचारूच नका. तुम्ही नववीत होता, मे महिन्याची सुट्टी होती, बाहेर ४३ डिग्री होतं आणि घरात कुणी उठवत नव्हतं, तेव्हा ते लांब वाटलं नाही. आता कामावरून येऊन रात्री दीड तास मिळतो त्यात नवीन गेमची लांबण खुपते. यादीतलं जे जे जुन्या गेममध्येही होतं ते खोडा. माझ्या अंदाजानं चार-दोन ओळी तरी जातात.

आता पहिल्या ढिगाचं काय करायचं ते बघू, म्हणजे बदल मान्य नाही पण पैसे तर गेलेत. इथं लोक एक गोष्ट हमखास करतात, नवीन गेम जुन्या पद्धतीनं खेळतात आणि मग तो वाईट लागतो.

ड्रॅगन एज टू घ्या. यात साथीदारांशी वागताना ओरिजिन्सची सवय सोडा. तिथं गिफ्ट देऊन देऊन सगळ्यांना खूश ठेवलं की झालं. इथं फ्रेंडशिप आणि रायव्हलरी अशी दोन टोकं आहेत आणि फायदा दोन्ही टोकांना आहे, मधे लटकत राहिलात तर काहीच मिळत नाही. म्हणजे फेनरिस या साथीदाराशी जादूगारांवरून तुमचं पटत नसेल तर बिनधास्त भांडा, शेवटपर्यंत भांडा, तो रायव्हल म्हणूनही सोबत राहतो आणि ते संवाद तर जास्त झणझणीत आहेत. सगळ्यांना गोड बोलणारा हॉक हा या गेममधला सगळ्यात बोर हॉक. मारामारीत क्रॉस क्लास कॉम्बो, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पात्रांनी जोडीनं मारणं, हेच खरं जेवण आहे: काही टॅलेंटचं अपग्रेड घेतलं की जादूगार शत्रूला ब्रिटल करतो, लढवय्या स्टॅगर करतो, रोग म्हणजे चोरटा डिसओरिएंट करतो, आणि दुसऱ्या क्लासच्या ठरावीक टॅलेंटनं त्यावर मारलं की डॅमेज कित्येक पट. नुसतं बटण बडवत बसलात तर हे दिसतच नाही आणि मग म्हणणार की डोकं लावायला काही ठेवलं नाही. साथीदारांनी आपोआप कधी काय करायचं ते ठरवणारा टॅक्टिक्सचा मेनू ओरिजिन्ससारखाच आहे, तो पहिल्या अंकातच भरून टाका. पॉज तर आहेच. आपलीच आग आपल्या माणसांना लागायला हवी असेल, ओरिजिन्समध्ये फायरबॉल टाकताना जशी धाकधूक व्हायची तशी, तर नाइटमेअर डिफिकल्टी लागते, बाकीच्यांत ते नाही. पण आधी हार्डवर एक अंक काढा, थेट नाइटमेअरला गेलात तर त्या छपरावरून पडणाऱ्या टोळ्या तुम्हाला जेवण करू देणार नाहीत. टोळ्यांवर उपाय एवढाच की मोठे एरिया अटॅक पहिल्या टोळीवर उधळायचे नाहीत, आणि जादूगार भिंतीला टेकवून नाही तर लढवय्याच्या जवळ ठेवायचा. गुहांवर मात्र काही इलाज नाही, पटापट उरका.

तिसऱ्या भागावाल्यांसाठी, म्हणजे इन्क्विझिशनवाल्यांसाठी, एकच वाक्य पुरेसं आहे: हिंटरलँड्स सोडा. तो पहिला मोठा नकाशा आहे आणि ओरिजिन्सवाला माणूस नकाशा साफ केल्याशिवाय पुढं जात नाही, त्यामुळं बकऱ्याचं मटण गोळा कर, झाडपाला तोड, तुकडे शोध यातच त्याचे पंधरा-वीस तास जातात आणि तो सांगत सुटतो की गेममध्ये गोष्टच नाही. कामं करून थोडी पॉवर जमली की व्हाल रोयो या शहरात जा, गोष्ट तिकडं सुरू होते, हिंटरलँड्सला लेव्हल वाढवून परत या, तिथला ड्रॅगन पण तेव्हाच. वॉर टेबलवरून माणसं पाठवून करायच्या कामांना खऱ्या घड्याळाचे तास लागतात आणि गेम बंद असला तरी ती चालू राहतात, म्हणून लांबची कामं रात्री झोपायच्या आधी लावून ठेवायची. हीलिंगचे मंत्र काढून टाकलेत हे खरं आहे, जखम भरत बसायच्या ऐवजी लागूच नये म्हणून बॅरिअर म्हणजे जादूचं कवच टाकायचं असा यांचा हिशोब, तो मान्य केला की पोशन पुरतात.

व्हेलगार्ड ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला. तीनच्या जागी दोन साथीदार आणि तेही आपल्या हातात देत नाहीत, नुसती ऑर्डर द्यायची. पार्टी चालवायलाच जे हे गेम घेतात त्यांनी हा घेऊ नये, सरळ सांगतो, रिफंडवाला परिच्छेद परत वाचा. बाकीच्यांनी साथीदारांच्या अ‍ॅबिलिटी एकमेकांना जोडून प्रायमर-डेटोनेटरची जोडी बसवा, म्हणजे एकीनं शत्रूवर परिणाम लावायचा आणि दुसरीनं तो फोडायचा, मग त्या पॉजवाल्या चक्राला अर्थ येतो. डिफिकल्टीत अनबाउंड म्हणून आहे, त्यात शत्रूची ताकद, पॅरीचा म्हणजे वार अडवायचा वेळ असं सगळं वेगवेगळं लावता येतं. आणि एक काम वाचवतो तुमचं. हा खेळायच्या आधी आपले जुने निर्णय नीट बसावेत म्हणून तिन्ही गेम परत खेळायला घेऊ नका, आमच्यातल्या एकानं दिवाळीच्या सुट्टीत तोच घाट घातला होता. व्हेलगार्ड फक्त तीन जुने निर्णय विचारतो, तिन्ही इन्क्विझिशनमधले, आणि ते पात्र बनवतानाच विचारतो.

ओब्लिव्हियनबद्दल थोडक्यात. मॉरोविंडमध्ये पत्ता तोंडी सांगायचे, पुलावरून डावीकडं, मोठ्या दगडापाशी, आणि माणूस खरंच हरवायचा. २००६ ला ओब्लिव्हियनमध्ये कुठं जायचं ते दाखवणारा बाण आला. शिवाय आपली लेव्हल वाढेल तसे चोरटेही महागडं चिलखत घालून फिरायला लागले. या दोन्हींवर पीसीला मॉड आहेत, बघून घ्या, नाहीतर लेव्हल सावकाश वाढवा.

दुसऱ्या ढिगाचं म्हणाल तर त्याला औषध थांबणं. उरकलेलं काम कधीकधी नंतर दुरुस्त होतं. डायब्लो थ्री १५ मे २०१२ ला आला तेव्हा पहिल्या दिवशी लोकांना एरर ३७, म्हणजे सर्व्हर बिझी, याशिवाय काही दिसलं नव्हतं, वर ऑक्शन हाउस, म्हणजे राक्षस मारायचे सोडून बाजारात तलवारीचे भाव बघत बसा. ते ऑक्शन हाउस मार्च २०१४ ला बंद केलं, लूटची, म्हणजे राक्षस मारून वस्तू मिळायची, पद्धत बदलली, त्याच महिन्यात रीपर ऑफ सोल्स ही जोड आली आणि ज्यांनी शिव्या घातल्या होत्या त्यातलेच लोक परत आले. ड्रॅगन एज टूच्या गुहा मात्र कुणी परत बनवल्या नाहीत. आकडे, लूट, बाजार, सर्व्हर हे पॅचनं बदलतं, नकाशे आणि आवाज सहसा बदलत नाहीत. तुमची तक्रार कुठल्या जातीची आहे त्यावर ठरवा वाट बघायची का नाही. घाई नसेल तर सरळ सेलमध्ये घ्या, स्टीमचा हिवाळी सेल जानेवारीतला सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरायच्या आधीच आटपतो हे लक्षात ठेवा.

आता तक्रार लिहायची. लिहाच, गप्प बसू नका, पण कशी लिहिता याला फार महत्त्व आहे, कारण चुकीची लिहिली तर पुढच्या भागात भलतंच हातात येतं. बघा ना, दुसऱ्या भागानंतर सगळीकडं एकच ओरड होती, जागा छोटी, तेच तेच नकाशे. पुढचा भाग नोव्हेंबर २०१४ ला आला तो एवढे मोठे नकाशे घेऊन की चालून चालून पाय दुखावेत. मग ओरड झाली की मोकळा पसारा नको. दहा वर्षांनी व्हेलगार्ड आला तो पुन्हा आखलेल्या वाटांचा, एक मोहीम संपली की दुसरी. फक्त ओरडीमुळंच असं झालं असं मी म्हणत नाही, कंपनीत पैसे, माणसं, इंजिन अशी शंभर कारणं असतात. पण आपण ओरडत होतो 'छोटं' म्हणून, आणि आपल्याला हवं होतं ते म्हणजे प्रत्येक गुहेत काहीतरी वेगळं असणं. ते कितीजणांनी लिहिलं?

आणि तुम्ही नाही सांगितलं तर तुमच्या वतीनं दुसरं कुणीतरी सांगतं. व्हेलगार्डचा आकडा जानेवारी २०२५ ला तो विकणाऱ्या ईए कंपनीनं जाहीर केला, त्या तिमाहीत सुमारे १५ लाख खेळाडू, त्यांच्या अपेक्षेपेक्षा जवळपास ५० टक्के कमी. पुढच्या महिन्यात गुंतवणूकदारांशी बोलताना त्यांच्या प्रमुखांनी जे सांगितलं त्याचा सूर असा होता की लोकांना चांगल्या गोष्टीसोबत एकत्र खेळायच्या जगाची सोय पण हवी असते. आता सांगा, तुमच्या ओळखीत व्हेलगार्डवर चिडलेला असा एक तरी माणूस आहे का जो ऑनलाइन नाही म्हणून चिडलाय?

म्हणून स्टीमवर रिव्ह्यू टाकताना असं करा. किती तास खेळलात ते तिथं आपोआप दिसतं, त्यामुळं पंधरा मिनिटांत लिहिलेला संताप वाचणाऱ्याला लगेच कळतो आणि तो पुढं सरकतो. निदान पहिलं मोठं प्रकरण संपवा. पहिल्या वाक्यात तुम्ही कुठल्या गेमवरून आलात ते लिहा. मग फक्त दोन किंवा तीन गोष्टी, प्रत्येकीला जागा सांगून. 'मारामारी बकवास' असं नाही, तर असं काहीतरी: 'मी पार्टी नीट मांडून पॉज करत खेळतो. इथं दुसरी टोळी माझ्या मागं उगवते त्यामुळं मांडणीला अर्थच राहत नाही. टोळ्या दारातून आल्या असत्या तर माझी तक्रार नव्हती.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, काय झालं असतं तर चाललं असतं ते. एक चांगली गोष्ट पण लिहा, खोटी नको, खरी. ड्रॅगन एज टूमध्ये व्हॅरिक होता आणि लोकांना तो इतका आवडला की पुढच्या दोन्ही भागांत आणलाच ना. जे आवडलं तेही सांगितलं नाही तर पुढच्या वेळी नेमकं तेच कापतील. शिव्या, लेखकांच्या घरादारावर जाणं, न खेळता लाल अंगठे देत सुटणं, हे करू नका, सभ्यपणा तर आहेच पण गेमशी संबंध नसलेली लाट आली तर २०१९ पासून स्टीम ती मोजणीतून बाहेर काढू शकतं, म्हणजे मेहनत वाया. पॅच आल्यावर रिव्ह्यू एडिट करता येतो, तो करा.

बदल म्हणजे बिघाडच असं समजू नका हेही जाता जाता. बाल्डर्स गेट टू २००० चा, त्यात रिअल टाइम लढाई, पॉज करत, आणि सहा जणांची पार्टी. तिसरा भाग टर्न बेस्ड, म्हणजे पाळीपाळीनं लढायचा, आणि चार जणांचा होणार कळल्यावर जुने लोक भडकले होते. ऑक्टोबर २०२० पासून तो अर्धवट अवस्थेत विकायला होता, लोकांनी खेळून खेळून सांगितलं, बनवणाऱ्यांनी ऐकलं, आणि ऑगस्ट २०२३ ला पूर्ण आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझा एक दोस्त अजून म्हणतो की ते बाल्डर्स गेट नाहीच. असेल बाबा.

आणि एवढं सगळं करूनही नाहीच जमलं तर ओरिजिन्सकडं परत जा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त आजच्या मशीनवर लावताना एक करा: तो जुना ३२ बिटचा गेम आहे, मेमरी गळते, डेनेरिम शहरात फिरताना लोडिंग लांबत जातं आणि मग क्रॅश. चार जीबी पॅच म्हणून एक छोटं टूल फुकट मिळतं, ते गेमच्या मूळ फाइलवर एकदा चालवा, आधी त्या फाइलची कॉपी काढून ठेवा. तरीही प्रत्येक मोठ्या लढाईच्या आधी हातानं सेव्ह करा, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका, आणि लाइटचा भरवसा नसेल तर दर अर्ध्या तासानं करा.